कपाटाचं आयुष्य

बेलापूरच्या एका खाजगी कचेरीत मी बरीच वर्षं बॅटऱ्यांचा हिशोब केला. पैशांचा नाही, ऊर्जेचा. दुपारी उन्हापासून मिळालेली जास्तीची वीज साठवून ती संध्याकाळी ग्रीडला परत द्यायची, यासाठी हल्ली कंटेनरएवढ्या बॅटऱ्या बसवतात. त्या बनवण्यातच किती ऊर्जा खर्ची पडते ते काढायचं, हे माझं काम. खाणीतून धातू काढणं, तो शुद्ध करणं, कारखान्यातल्या भट्ट्या, जहाज, ट्रक, बसवल्यावर त्यांना थंड ठेवणारे एसी, आणि शेवटी त्या मोडून आतला माल परत मिळवणं, हे सगळं एका बाजूला मांडायचं. दुसऱ्या बाजूला, ती बॅटरी तिच्या आयुष्यात किती वीज साठवून परत देईल ते.

आईला हे एकदा सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे घागर घडवताना कुंभाराचं पाणी किती गेलं, आन् त्या घागरीनं बाईनं पुढं किती पाणी आणलं, असंच ना?"

असंच. आणि घागर लवकर फुटली तर सगळाच हिशोब बिघडतो. म्हणून आमच्या धंद्यात खरं भांडण एकाच गोष्टीवर असतं: बॅटरी जगणार किती. कंपनीच्या माहितीपत्रकात जे आयुष्य छापलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. तिथे हवा थंड आणि कोरडी असते, वीज भरायची-काढायची ठरल्या तालात. खाडीकाठच्या मे महिन्यात ती किती टिकेल हे त्या पत्रकात नसतं. उष्म्याने बॅटरी आतून म्हातारी होते आणि खारं वारं बाहेरून तिचे सांधे खातं. निम्म्या वयात मेली तर तिने साठवलेल्या प्रत्येक युनिटामागचा ऊर्जेचा खर्च दुप्पट होतो. हे समजायला इंजिनियर असावं लागत नाही. पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार असावं लागतं.

हे सगळं माझ्याच गावात सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आमचं गाव आगरदांड्याच्या खाडीवर. धक्क्याजवळ कोळीवाडा, वर देवळाच्या अंगाला मोठी आळी, आणि अगदी खाली, भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं त्या खाजणाच्या कडेला आमची बौद्धवाडी. मोठ्या चक्रीवादळात खांब आडवे झाले तेव्हा गावाने कित्येक आठवडे अंधारात काढले. त्यामुळे सबस्टेशनच्या शेजारच्या माळावर वीज साठवणारी कंपनी येणार असं कळलं, तेव्हा विरोध कोणी केलाच नाही. कंपनीला पंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता, आणि प्रकल्पाचा ऊर्जेचा हिशोब करायचं काम आमच्या कचेरीकडे आलं. आमचे साहेब मला म्हणाले, "गाव तुमचंच आहे मॅडम. लोकांशी बोलायला सोपं जाईल."

कोळीवाड्यात माझी शाळेतली मैत्रीण होती. आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. तिच्या डब्यातली सुकट मी खायची आणि माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी ती. तिच्या घरी मी ओटीपर्यंत जायचे. त्यापुढे मला कोणी बोलावलं नाही, आणि त्याबद्दल आम्ही दोघींनी कधी शब्द काढला नाही. मोठेपणी ती मासे विकणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख झाली. आवाज असा की धक्क्यावर ती बोलायला लागली की लिलाव करणारे गप्प व्हायचे. मी गावात आले की पहिली चक्कर तिच्याकडे.

प्रकल्पासाठी आले तेव्हाही मी तिच्याकडेच गेले. ती बोंबील वळणीवर घालत होती.

"ते डबे काय करनार गं?" तिने विचारलं.

"दुपारची वीज भरून ठेवणार आणि संध्याकाळी देणार."

"आमाला?"

"ग्रीडला. म्हणजे सगळ्यांच्या मिळून ज्या तारा आहेत त्यांना. जिथे मागणी जास्त, तिथे जाणार."

"म्हंजे मुंबयला," ती म्हणाली. तिने बोंबलाचा पुढचा जोड उचलला. "जागा आमची, न् वीज मुंबयला. मंग आमाला कायतरी मिलायला पायजे."

ती हुशारच. गटाच्या बायकांचं सगळं बर्फावर अडायचं. होड्या भरून आल्या की नेमका त्याच दिवशी बर्फवाला हात वर करायचा, आणि मासे पडेल त्या भावाने द्यावे लागायचे. तिने सरपंचांना गाठलं, बायकांना पंचायतीसमोर बसवलं आणि दाखल्याच्या बदल्यात गटासाठी मासे ठेवायची थंड खोली मागितली. कंपनीने लगेच होकार दिला. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला होता.

कंपनीचा एक अधिकारी गावात यायचा. तिशीतला, पुण्याचा, बोलायला अतिशय नम्र. म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडायचा. त्याने शाळेच्या वर्गात सभा घेतली आणि भिंतीवर चित्रं दाखवली: मासेबाजाराच्या मागे पांढरी थंड खोली, छपरावर सौर पॅनेल, शेजारी बॅटरीचं उंच कपाट. "आमच्या मोठ्या प्रकल्पाची ही धाकटी बहीण समजा," तो म्हणाला. लोक हसले.

मी उठून बोलले. कचेरीतर्फे नाही, गावातली म्हणून. मी म्हणाले की खोली घ्या, पॅनेल घ्या, पण कपाट घेऊ नका. बाजार धक्क्याला लागून आहे. खारं वारं आणि ऊन, दोन्ही त्या कपाटावर येणार. ते टिकणार नाही. त्यापेक्षा जाड भिंतींची मिठाच्या पाण्याची टाकी मागा. ऊन असेल तेव्हा यंत्र चालवून ते पाणी गोठवायचं, की दुसऱ्या दिवसापर्यंत खोली थंड राहते. तुम्हाला वीज साठवायची नाहीये, थंडावा साठवायचाय. मग थंडावाच साठवा. टाकी बनवायला ऊर्जा थोडी लागते, बिघडायला तिच्यात फारसं काही नाही, आणि बिघडलीच तर मुरूडचा फ्रीज दुरुस्त करणाराही ती बघू शकेल.

अधिकारी शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडमचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आम्ही बॅटरीची कंपनी आहोत, बर्फाची नाही. जे आमच्याकडे उत्तम आहे तेच आम्ही गावाला देऊ शकतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "देतायत तर घ्यावं ना. मिठाच्या पान्याला काय करायचं? खाडी हाय की." पुन्हा हशा झाला. मी मैत्रिणीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती तरी म्हणेल, थांबा, हिला या गोष्टीतलं कळतं. ती उठली आणि मलाच म्हणाली, "तू आता बस. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत."

मी बसले. सभेनंतर शाळेच्या पायरीवर दोघीतिघींचं बोलणं कानावर आलं. वाडीतल्या पोरीला कोळणींचं बरं झालेलं बघवत नाही, असं. बोलणाऱ्यांत माझी मैत्रीण नव्हती. पण त्यांना गप्प करणाऱ्यांतही नव्हती.

कचेरीत वेगळं काही घडत नव्हतं. मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात मी एक प्रकरण किनाऱ्यावरच्या आयुष्याबद्दल लिहिलं होतं. इथे बॅटऱ्या लवकर बदलाव्या लागतील, एसी जास्त चालतील, आणि तो सगळा खर्च धरला तर साठवलेली वीज कागदावर दिसते तितकी स्वस्त पडत नाही, ऊर्जेच्या भाषेतसुद्धा. बॅटऱ्या नकोतच असं मी कुठेही म्हटलं नव्हतं. डबे माळावर खाडीपासून लांबच्या बाजूला ठेवा, सावली करा, खाऱ्या हवेला टिकणारी बांधणी घ्या, आणि आयुष्य खरं तेवढंच धरा, इतकंच होतं. साहेबांनी ते प्रकरण काढून टाकलं. म्हणाले, "ग्राहकाने माहितीपत्रकातलं आयुष्य धरायला सांगितलंय. आपण ग्राहकाला खोटं कशाला पाडायचं?"

"मग खोटं आपण लिहायचं का?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता, मॅडम. गाव तुमचं आहे ना, म्हणून."

ज्या गोष्टीसाठी मला या कामावर घेतलं होतं, तीच आता माझ्यातली खोट झाली. मी सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या मुलीचं कॉलेज चालू होतं. मला त्यानंतर कामच येईनासं झालं. नुसतं बसून राहायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. काही महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि गावी आईकडे येऊन राहिले. आई म्हणाली, "बरं केलंस." पण वाडीत सगळ्यांना ती सांगायची की मुलगी रजेवर आलीय.

थंड खोलीचं उद्घाटन झालं तेव्हा मी गावातच होते. मला बोलावणं नव्हतं. बाजारातून जाताना दिसलं ते एवढंच: झेंडूची माळ कपाटाला घातलेली, आणि कपाटाशेजारी माझी मैत्रीण नऊवारी नेसून उभी, तिच्या हातात कात्री. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मनातून वाटलं, माझंच चुकीचं ठरू दे.

पहिलं वर्ष माझंच चुकीचं ठरलं. खोली झकास चालली. शनिवार-रविवारी बंगलेवाले, पर्यटक अशी गिऱ्हाइकं यायची, तोपर्यंत पापलेट-सुरमई ताजी राहायची. बायकांच्या बोलण्यात ऐट आली. बर्फवाल्याची गाडी बाजारापुढून न थांबता जायची आणि त्या त्याला हाक मारून चिडवायच्या. मैत्रीण मला रस्त्यात भेटली तर हसायची, पण थांबायची नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात कपाट अधूनमधून आपसूक बंद पडायला लागलं. आतली उष्णता वाढली की ते स्वतःला बंद करतं, तशी त्यात सोयच असते. उष्णता वाढत होती कारण त्याला थंड ठेवणाऱ्या छोट्या एसीची जाळी खाऱ्या वाऱ्याने झिजून भुकटी झाली होती. गटाने कंपनीला पुण्याला फोन केले. बऱ्याच फोनांनंतर एक तंत्रज्ञ आला, लॅपटॉप जोडून बसला आणि सॉफ्टवेअर नवीन टाकलंय असं सांगून गेला. मी एकदा बाजार रिकामा असताना जाऊन बघितलं. तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढला होता. मी ते मैत्रिणीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "त्यांचा मानूस बघून गेलाय. तू हात लावू नको."

पावसाळा कसाबसा निघाला. मग ऑक्टोबरात एका दुपारी वादळी पाऊस झाला, आंब्याचं झाड तारांवर पडलं आणि गावची वीज गेली. खोली हॉटेलांच्या ऑर्डरच्या माशांनी भरलेली होती. वीज गेली तरी काळजी नाही, यासाठीच तर कपाट होतं. त्या संध्याकाळी ते बंद पडलं ते पडलंच. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं, छपरावरची पॅनेलं तापत होती, पण मध्ये बॅटरी नसली तर ती यंत्रणा ते ऊन वापरूच शकत नव्हती. आणि माळावरचे कंपनीचे मोठे डबे गावातच, कुंपणाआड, भरलेले. त्यांची वीज आमच्या बाजाराला द्यायची अशी तारच कोणी ओढली नव्हती.

तार दुरुस्त होईपर्यंत वास वाडीपर्यंत आला होता. बायकांनी पाट्या भरभरून मासे खाडीत टाकले. मी धक्क्यावर गेले. मैत्रीण पाण्यात गुडघाभर उभी राहून रिकाम्या पाट्या विसळत होती. मी खाली उतरून तिच्या हातातली एक पाटी घेतली. तिने ती परत ओढली.

"बरं वाटलं आसंल तुला," ती म्हणाली.

"मला कशाला बरं वाटेल?"

"तू सभेत उभी ऱ्हायलीस, कंपनीच्या तोंडावर बोललीस. तवाच त्यांच्या मनात अढी बसली. म्हनून आमाला हलका माल दिला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू गप बसली असतीस तर चांगला मिलाला असता."

तोच माल सगळीकडे देतात, तुमचा वेगळा हलका नव्हता, हे मी सांगितलं. माळावरच्या डब्यांतल्या बॅटऱ्याही ठरल्या वेळेच्या आधीच बदलायला घेतल्यात, ट्रक येतायत-जातायत ते बघ, हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या बदलतायत ना? आमची कोन बदलनार?"

तेवढं मात्र तिचं बरोबर होतं. कंपनीने कळवलं की कपाट भेट दिलेलं आहे, मालकी गटाची. गट म्हणाला, वस्तू कंपनीची. पंचायतीने दोन्ही ऐकून घेतलं. कपाट बाजारात तसंच उभं राहिलं, आणि थंड खोलीत बायका जाळी आणि रिकाम्या पाट्या ठेवायला लागल्या. बर्फवाल्याची गाडी पुन्हा थांबू लागली. आता तो चिडवत होता की नाही ते मला माहीत नाही. मी त्या बाजूला जाणं कमी केलं होतं.

नंतर कपाटाची एक बाजू फुगली. अशा फुगलेल्या बॅटऱ्यांना भोक पडलं, कोणी ठोकाठोक केली, तर त्या पेट घेऊ शकतात, विषारी धूर होतो. कोणीतरी मोबाइलवर तसा व्हिडिओ बघितला आणि बाजारात घबराट झाली. पंचायतीने तातडीने निर्णय घेतला. एका सकाळी जेसीबी आला, कपाट उचललं, आणि आमच्या वाडीच्या तोंडाशी, समाजमंदिराच्या मागच्या जागेत आणून ठेवलं.

माझ्या जुन्या कोष्टकांत शेवटची ओळ असायची: आयुष्य संपल्यावर बॅटरी पुनर्वापर केंद्राकडे नेण्याचा खर्च. त्यात ट्रक, अंतर, डिझेल सगळं धरलेलं असे. बॅटरी कोणत्या वस्तीत नेऊन टाकतील याला त्यात जागा नव्हती, आणि वाडीत जन्मून मी ती कधी मागितलीही नव्हती.

मी पंचायतीत गेले. सरपंच म्हणाले, तात्पुरतं आहे. मग मी बाजारात गेले. मैत्रीण सुरमई कापत होती, समोर गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी थांबले.

"बाजारात नको म्हणून तुम्ही ते आमच्या इथे आणून टाकलंत," मी म्हणाले. "तिथे मुलं खेळतात."

"मी न्हाय टाकलं. पंचायतीनं टाकलं."

"पंचायतीच्या त्या बैठकीला तू बसली होतीस."

"मोकली जागा तितंच हाय," ती म्हणाली. "हितं बाजार, वर देऊल. नेनार कुठं?"

"मोकळी जागा नेहमी आमच्याच इथे कशी असते?"

मग तिने पुढचा मासा ओढला. "तू लई शिकलीस," ती म्हणाली. "तुला सगल्यात त्येच दिसतं."

तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलीने हे म्हटलं. मी वळले, तेव्हा तिने हाक मारली. केळीच्या पानात दोन बांगडे बांधून पुढे केले. "तुझ्या आयेला दे. तिला आवडतात."

ते मी घेतले. का घेतले, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिथेच ठेवून यायला हवे होते असं वाटतं, आणि आईला खरंच आवडतात हेही खरं. आईने त्यांचं कालवण केलं, वर कोकम टाकून. मी जेवले. ते घशाखाली उतरलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगलं झालं होतं.

त्यानंतर आम्ही दोघी बोललेलो नाही. दिघीच्या फेरीबोटीवर एकदा समोरासमोर आलो. ती तिच्या सुनेशी बोलत राहिली आणि मी पाण्याकडे बघत राहिले. बोट लागली तशी आपापल्या वाटेने उतरलो. माळाच्या कुंपणावर कंपनीने मोठा फलक लावलाय, त्यावर थंड खोलीसमोर उभ्या असलेल्या कोळणींचा फोटो आहे. झेंडूच्या माळेसकट. त्यात ती हसतेय.

मी जिल्ह्याला अर्ज केले, प्रदूषणवाल्यांना केले, कंपनीला केले. एक तरुण साहेब येऊन फोटो काढून गेला. अशी वस्तू हलवायला परवाना असलेली गाडी लागते, ती या बाजूला सहसा येत नाही, असं त्याने सांगितलं. मी त्याला म्हटलं, आणताना जेसीबी चालला होता. तो म्हणाला, "ते चुकीचं झालं," आणि निघून गेला.

मेच्या शेवटी वाडीतल्या बायकांनी आणि मी मिळून कपाटाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पोरांना त्या बाजूला जायची बंदी घातली, ती पोरं पाळतात तितकी पाळतात. आई आता पायाने अधू झालीय, तरी ती खुर्ची टाकून तिथे राखण करत बसली होती. पाऊस यायच्या आत आम्ही वरून ताडपत्री ओढली आणि दोरीने चारी बाजूंनी आवळली. ताडपत्री आम्हीच आणली.